संगणकाचा रेडिएटर आणि त्याचे पंखे



रेडिएटर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहतो. आज मी ज्या रेडिएटरविषयी बोलणार आहे, तो संगणकाच्या पेटीत बसतो. आकाराने लहान, दिसायला नाजूक. पण काम तेच. आतल्या यंत्राची उष्णता पाण्याने उचलून आणायची आणि ती बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करायची. हा रेडिएटर आणि त्यावरचे पंखे कसे निवडावेत, हे आज सांगावयाचे आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. आकडे थोडेच आहेत, पण टिपून ठेवण्यासारखे आहेत.

मी तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे. शेतकऱ्याचा मुलगा, हुशार. घर बांधण्यापूर्वी ते कसे दिसेल, याची हलती चित्रे संगणकावर तयार करून देण्याचा धंदा त्याने गावातच सुरू केला. अशा कामाला संगणक जबरदस्त लागतो आणि तो रात्र-रात्र पूर्ण ताकदीने चालतो. बापाने तुरीचे आलेले पैसे त्यात घातले, उरलेले बँकेकडून काढले. यंत्राचे भाग सुटे आणून जोडायचे आणि ते पाण्याने थंड ठेवायचे, असे ठरले. रेडिएटर कोणता घ्यावा, हे विचारायला तो माझ्याकडे आला. मी हिशेब करून दिला. तो हिशेब चुकला. कसा चुकला, तेच आजच्या भाषणाचे सार समजा.

आधी एक प्रश्न निकालात काढू. प्रत्येक संगणकाला पाणी लागते काय? मुळीच नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जे संगणक असतात, त्यांचा प्रोसेसर साधारण ६५ वॅटचा असतो. त्याच्यावर धातूचा एक ठोकळा आणि एक पंखा पुरतो. शिक्षक बंधु-भगिनींनी त्या पंख्यावरची धूळ वेळच्या वेळी काढली, म्हणजे झाले. पाण्याचा विचार करावा तो मोठ्या यंत्रासाठी. आज मोठा प्रोसेसर पूर्ण भाराखाली २०० वॅटच्या पुढे जातो आणि मोठे ग्राफिक्स कार्ड एकटेच ४५० वॅट घेते. घेतलेली ही सारी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

ही युक्ती काही कालची नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या आय.बी.एम. कंपनीच्या मोठ्या गणकयंत्रांत पाणी खेळवीत असत. १९८५ साली आलेला क्रे-२ हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका खास द्रवात अक्षरशः बुडविलेला होता. २००४ साली ॲपल कंपनीने टेबलाशेजारी ठेवावयाच्या संगणकातही द्रवाने थंड करण्याची सोय केली. आणि आपल्या पुण्यात, आयसर या संस्थेत, २०१९ साली आलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक द्रवानेच थंड ठेवला जातो.

आता पाणीच का? सारख्या आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर एक अंश तापताना पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेते. म्हणून बोटभर नळीतले पाणी जे काम करते, त्याला हवेचा झोत लागतो. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी उष्णता वाहून नेते, नाहीशी करीत नाही. हमालाने पोते वखारीत नेले म्हणून पोते संपत नाही. शेवटी ती उष्णता खोलीतल्या हवेलाच घ्यावी लागते.

इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. आपल्या घरातला माठ पाणी हवेपेक्षा थंड करतो, कारण माठातून पाणी पाझरते आणि वाफ होऊन उडून जाताना उष्णता घेऊन जाते. संगणकाच्या रेडिएटरमधून एक थेंबही बाहेर पडत नाही. पडला तर अनर्थच! म्हणून त्यातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी ४० च्या वरच राहणार. किती वर, एवढेच आपल्या हाती असते. हा जो पाण्यातला आणि हवेतला फरक, तोच रेडिएटरची खरी परीक्षा. तो १० अंशांच्या आसपास राहिला तर निवड चांगली झाली असे समजावे.

आता माझा हिशेब ऐका. विद्यार्थ्याच्या यंत्रात प्रोसेसर २०० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड २५० वॅट, मिळून ४५० वॅट. पंखे तीन. दर पंख्याच्या खोक्यावर लिहिलेले, ६० सी.एफ.एम. म्हणजे मिनिटाला ६० घनफूट हवा. तिघांची मिळून १८०. हवा किती तापेल हे काढण्याची रीत सोपी आहे : वॅटच्या आकड्याला सी.एफ.एम.ने भागा आणि पावणेदोनाने गुणा. ४५० भागिले १८०, म्हणजे अडीच. त्याची पावणेदोन पट, म्हणजे साडेचार अंशांच्या आत. मी म्हटले, वा! खोली २६ अंशांवर आहे, पाणी फार तर ३५ पर्यंत जाईल. आणि वर शहाणपणा केला की, रेडिएटर जितका जाड आणि जितका दाट, तितका बरा. त्याने ६० मिलिमीटर जाडीचा, अगदी दाट जाळीचा रेडिएटर घेतला. पंखे घेतले रंगीत दिव्यांचे, देखणे.

हे सारे फेब्रुवारीत. यंत्र उत्तम चालले. मग आला मे महिना. आमच्या अकोला जिल्ह्यात मेचा पारा ४५ वर जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. एका रात्री मुलाचा फोन आला, "सर, पाणी तं कढूनच रायलं!" मी सकाळी गेलो. पत्र्याखालची लहानशी खोली, खिडकी बंद. खोलीत ३८ अंश, पाणी ५९ अंश. फरक २१ अंशांचा! अशा संगणकांतले बरेचसे पंप ६० अंशांच्या पुढचे पाणी सोसत नाहीत. प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करी, आणि तरीही भागले नाही की यंत्र बंद पडे. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचे काम अर्धे झालेले, मुदत दोन दिवसांवर.

आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. त्याचा बाप दारात उभा होता. तो आत आला, यंत्राच्या मागे गेला आणि रेडिएटरच्या पाठीशी त्याने तळहात धरला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "सर, ट्रॅक्टरच्या पंख्यामागं उभं राहिलं तं धोतर उडते. हे तं निस्तं फिरून रायलं. वारा हाय कुठी?"

मीही हात धरून पाहिला. वारा नव्हताच म्हणा ना! पंखे गरगर फिरत होते, पण हवा त्या दाट जाळीतून पार होत नव्हती.

श्रोतेहो, खोक्यावर लिहिलेला तो ६० चा आकडा मोकळ्या हवेतला होता. पुढे काहीही अडथळा नसताना पंखा जेवढी हवा हलवील, तेवढी. ही गोष्ट विहिरीवर पंप बसविणाऱ्याला सांगावी लागत नाही. पंपाच्या पाटीवर दोन आकडे असतात, हेड आणि डिस्चार्ज. किती उंच चढवील आणि किती पाणी टाकील. उंची नसेल तर पाणी भरपूर. पाणी खोल गेले की तोच पंप धापा टाकतो. पंख्याचेही तसेच आहे. सी.एफ.एम. हा त्याचा डिस्चार्ज. त्याचे हेड म्हणजे 'स्टॅटिक प्रेशर', अडथळ्यातून हवा रेटण्याची ताकद. हा आकडा पाण्याच्या मिलिमीटरांत लिहिलेला असतो. मी पहिला आकडा वाचला, दुसरा वाचलाच नाही. घरातले उदाहरण घ्यायचे तर सुपाने पुष्कळ वारा घालता येतो, पण चुलीतला विस्तव फुलवायला फुंकणीच लागते. आम्ही सुपाच्या जातीचे पंखे घेऊन फुंकणीचे काम करायला बसलो होतो.

तळहाताच्या अंदाजाने म्हणा, दर पंख्यामागे १५ सी.एफ.एम. हवासुद्धा जेमतेम जात असावी. तिन्हींची मिळून ४५. आता तीच रीत लावा. ४५० भागिले ४५, म्हणजे १०. त्याची पावणेदोन पट साडेसतरा. म्हणजे रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवाच साडेसतरा अंशांनी तापलेली. पाणी तिच्याहून थोडे तरी गरम असणारच. २१ अंशांचा फरक कुठून आला, ते उलगडले. माझे दुसरे चुकले ते हे की हिशेब फेब्रुवारीच्या खोलीचा केला. विहीर खोदताना पावसाळ्यातली पाण्याची पातळी कोणी धरतो काय? मेमधली धरावी लागते. संगणकाचा रेडिएटरही आपल्या खोलीच्या सर्वांत वाईट दिवसासाठी निवडावा.

आता निवडीचे नियम क्रमाने सांगतो.

पहिला नियम आकाराचा. रेडिएटर पंख्यांच्या मापाने विकले जातात. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा १२०, दोन पंख्यांचा २४०, तीन पंख्यांचा ३६०. दुसरी जात १४० ची : १४०, २८०, ४२०. कारागिरांचा अंदाज असा की, पंखे शांतपणे फिरवायचे असतील तर १२० च्या एका घरामागे साधारण १०० वॅट धरावेत. म्हणजे ४५० वॅटला चार ते पाच घरे हवीत. आमच्याकडे तीनच होती. आणखी एक गोष्ट : २४० आणि २८० हे दोन्ही दोन पंख्यांचे, पण २८० चे क्षेत्रफळ २४० पेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. पेटीत बसत असेल तर तो घ्यावा.

दुसरा नियम जाडीचा आणि दाटपणाचा. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमध्ये पत्र्याच्या बारीक झालरी असतात, त्यांना फिन म्हणतात. एका इंचात किती फिन, यावरून दाटपणा मोजतात. ८ ते १२ असतील तर जाळी विरळ. तिच्यातून सावकाश फिरणाऱ्या पंख्याचीही हवा जाते. १६ च्या वर गेल्यास जाळी दाट. तिला जोराचा पंखा पाहिजे आणि आवाज सोसण्याची तयारी पाहिजे. जाडीचेही तेच. ३० मिलिमीटरच्या आसपासचा रेडिएटर बहुतेकांना पुरतो. जाडी दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही; कारण हवा पुढच्या अर्ध्या भागातच तापते आणि मागच्या अर्ध्याला गरम हवा मिळते. तेव्हा जाड घेण्यापेक्षा लांब-रुंद घ्यावा. आपल्याकडच्या धुळीतही विरळ जाळी बरी. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची जाळी भुसकटाने कशी भरते, ते आठवा.

तिसरा नियम पंख्यांचा. ज्याचे स्टॅटिक प्रेशर चांगले, असा पंखा घ्यावा. त्याची पाती रुंद असतात आणि पात्यांमधल्या फटी कमी. चौकट आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट राहू देऊ नये. हवा नेहमी सोपी वाट धरते. वेगाचे गणितही समजून घ्या. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो, वीज मात्र आठपट लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. म्हणून एक पंखा पळविण्यापेक्षा तीन पंखे चालविणे शहाणपणाचे. पंखा चार तारांचा घ्यावा. त्याचा वेग सहज कमी-जास्त करता येतो. तो वेग पाण्याच्या उष्णतेवर बांधावा, प्रोसेसरच्या नव्हे. प्रोसेसरचा पारा क्षणात चढतो-उतरतो आणि पंखे उगाच किंचाळत बसतात. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. रंगीत दिव्यांनी हवा वाढत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

चौथा नियम जागेचा. ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि त्यावर २५ मिलिमीटरचा पंखा, म्हणजे ५५ मिलिमीटर जागा मोकळी लागते. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ३९० च्या पुढे भरतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात. पैसे देण्यापूर्वी पेटीत पट्टी लावून मोजून पाहा. रेडिएटरला शक्य तर बाहेरची ताजी हवा मिळावी. पेटीतली तापलेली हवा त्याच्या तोंडी दिली, तर त्याने कोणाला थंड करावे? हवा आत येते तिथे जाळीची गाळणी लावावी आणि ती दर पंधरवड्याला झटकावी.

पाचवा नियम धातूचा. तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा भाग एकाच पाण्यात ठेवू नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे लहानशी बॅटरीच झाली; त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. प्रोसेसरवरचा ठोकळा तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा घ्यावा. विहिरीचे अगर नळाचे पाणी घालू नये, त्यातले क्षार आत बसतात. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे औषध योग्य प्रमाणात असावे. सारे जोडून झाल्यावर वीज फक्त पंपाला देऊन, सांध्यांखाली कोरडे कागद ठेवून, एक दिवस-रात्र पाणी खेळू द्यावे. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे.

एक शंका हमखास विचारली जाते. रेडिएटरमध्ये जाणारी नळी आणि बाहेर येणारी नळी हाताला सारखीच गरम लागते, मग रेडिएटर काम करीत नाही काय? करतो. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ४५० वॅटने ते जेमतेम दीड-पावणेदोन अंश तापते. हाताला तेवढे कळत नाही. त्यामुळे पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डकडे, याचीही फारशी काळजी करू नये.

आता राहिलेली हकीकत. ते नागपूरचे काम मुदतीत झाले नाही. गिऱ्हाईक गेले ते गेलेच, आणि त्या महिन्याचा हप्ता बापाने बाहेरून उसने आणून भरला. चूक माझी होती, म्हणून नव्या पंख्यांचे पैसे मी देऊ केले. मुलाने घेतले नाहीत. म्हणाला, "सर, पुढच्या वेळी हिशेब आपण दोघं मिळून करू." तसाच केला. ३० मिलिमीटर जाडीचे, विरळ जाळीचे दोन रेडिएटर घेतले, एक ३६० चा आणि एक २४० चा. दाबाचे पाच पंखे बसविले. पत्र्याखाली गवताचे छत घातले, खिडकी उघडली. ४५० वॅट म्हणजे खोलीत रात्रभर एक लहान शेगडी पेटलेली. तिची ऊब बाहेर जायला वाट हवीच. कूलर ठेवला तो दूर, त्याचे तुषार यंत्रावर येणार नाहीत असा. पुढच्याच आठवड्यात खोली ४० अंशांवर होती आणि पाणी ५१ वर. फरक ११ अंशांचा. यंत्र रात्रभर चालले.

तो जाड रेडिएटर आता माझ्या वर्गात आहे. शिक्षक मित्रांना सुचवावेसे वाटते की हा प्रयोग शाळेत सहज होण्यासारखा आहे. एक लहान पंखा, एक कागदाची झिरमिळी आणि वेगवेगळ्या दाटपणाच्या दोन-तीन जाळ्या. जाळी बदलली की झिरमिळी किती कमी उडते, ते मुलांना पाहू द्या. वाऱ्याचा दाब आणि वाऱ्याची रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना फळ्याशिवाय कळेल.

आणि ज्यांना यंत्र घ्यायचे आहे, त्यांना एवढेच सांगतो. खोक्यावरचे आकडे जरूर वाचा, दोन्ही वाचा. आपल्या खोलीचा मे महिना हिशेबात धरा. आणि सारे जोडून झाले की रेडिएटरच्या पाठीमागे तळहात धरून पाहा. वारा लागला पाहिजे.